घरगुती व्हीपीएन सर्व्हर

बाहेर असताना इंटरनेटवरून आपल्या घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षितपणे शिरता यावे म्हणून घरातच चालवलेला सर्व्हर. व्हीपीएन हे व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्कचे लघुरूप. फोन किंवा लॅपटॉप जगात कुठेही असला तरी तो या सर्व्हरशी एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद, जोडणी करतो. मग घरातला फाइल सर्व्हर, प्रिंटर, कॅमेरे, डेस्कटॉप ही सगळी यंत्रे घरात बसून वापरावीत तशी वापरता येतात. या जोडणीला ‘टनेल’, म्हणजे बोगदा, म्हणतात. मूळ पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, दुसऱ्या पॅकेटच्या पोटात घालून पाठवले जाते. वाटेतल्या कुणालाही बाहेरचे पाकीट दिसते, आतला मजकूर दिसत नाही.

मासिक वर्गणी भरून मिळणाऱ्या व्हीपीएन सेवेशी याची गल्लत होते, कारण नाव एकच आहे. त्या सेवेत आपली वाहतूक एखाद्या कंपनीच्या सर्व्हरमधून बाहेर पडते आणि संकेतस्थळांना आपल्याऐवजी त्या कंपनीचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, दिसतो. घरगुती सर्व्हरची दिशा उलटी, बाहेरून आत. त्याने ओळख लपत नाही. फोनची सगळी वाहतूक घरावरून फिरवली तर संकेतस्थळांना घरचाच पत्ता दिसेल. अनोळखी वाय-फायवर मात्र याचा खरा फायदा होतो, कारण त्या वाय-फायच्या चालकाला घरापर्यंतचा एकच बंद प्रवाह दिसतो.

व्हीपीएनशिवायही घरातली यंत्रे बाहेरून वापरता येतात. राउटरवर प्रत्येक यंत्रासाठी एकेक पोर्ट, म्हणजे क्रमांक दिलेले दार, उघडायचे, की झाले. हा मार्ग सोपा आहे आणि धोकादायकही. २०१६ साली मिराय या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड कधीच न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले. २०१९ मध्ये विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली, तीत तर पासवर्ड माहीत असण्याचीही गरज नव्हती. पोर्ट ३३८९ इंटरनेटवर उघडे आणि विंडोज जुने, एवढे पुरेसे होते. कॅमेऱ्याचा किंवा प्रिंटरचा निर्माता सुरक्षा अद्यतने कधी बंद करील ते आपल्या हाती नसते. म्हणून ही यंत्रे बाहेरच्या जगाला दिसूच न देता सगळ्यांसाठी एकच दार ठेवायचे आणि ते नीट सांभाळायचे, हा घरगुती व्हीपीएनमागचा विचार आहे.

प्रोटोकॉल

प्रोटोकॉल म्हणजे टनेल कसा बांधायचा याचे नियम. सर्वांत जुना सहज मिळणारा पर्याय म्हणजे पीपीटीपी, १९९९ च्या आरएफसी २६३७ या तांत्रिक दस्तऐवजात नोंदलेला. त्याची पासवर्ड-पडताळणी २०१२ साली पूर्णपणे मोडून दाखवली गेली. अॅपलने २०१६ मध्ये आणि अँड्रॉइडने बाराव्या आवृत्तीत त्याचा आधार काढला. जुन्या राउटरच्या यादीत तो अजून दिसतो, पण निवडू नये. आयपीसेक हा मजबूत आणि प्रमाणित मार्ग आहे. किल्ल्या ठरवणाऱ्या आयकेईव्ही२ या प्रोटोकॉलसोबत तो बहुतेक फोनमध्ये वेगळे अॅप न घालताही चालतो. त्याची मांडणी मात्र क्लिष्ट आहे आणि घरच्या वापरासाठी ते ओझे बहुधा नको असते.

ओपनव्हीपीएन २००१ साली जेम्स योनान यांनी लिहिले. मध्य आशियात प्रवास करताना त्यांना कामाच्या नेटवर्कशी जोडून घ्यावे लागे आणि वाटेतल्या परक्या सेवादात्यांवर विसंबणे त्यांना पटत नव्हते. म्हणजे हे साधन जन्मले तेच दूरवरून आत शिरण्याच्या गरजेतून. ते सहसा यूडीपी (पॅकेट पोचल्याची खातरजमा न करणारी पद्धत) पोर्ट ११९४ वर चालते, पण टीसीपी (हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवणारी पद्धत) ४४३ वर, म्हणजे वेबच्या पोर्टवरही बसवता येते. जिथे वेब सोडून सगळे अडवलेले असते अशा वाय-फायवर ही सोय उपयोगी पडते. तिची किंमत वेगात मोजावी लागते. टीसीपीच्या पोटात टीसीपी गेला की हरवलेले पॅकेट दोन्ही थर आपापल्या परीने पुन्हा पाठवू लागतात आणि खराब जोडणीवर सगळेच अडखळते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने वायरगार्ड घ्यावे. जेसन डोनेनफेल्ड यांचे हे काम मार्च २०२० मध्ये लिनक्स या संचालन प्रणालीच्या कर्नल (गाभा) ५.६ सोबत मुख्य धारेत आले. वायरगार्डच्या प्रोग्रामचा गाभा सुमारे चार हजार ओळींचा आहे. अल्गोरिदम (गणिती कृती) ठरलेले आहेत : किल्ल्यांच्या, म्हणजे लांबलचक संकेत-आकड्यांच्या, देवाणघेवाणीसाठी कर्व्ह२५५१९, मजकुरासाठी चाचा२० आणि पॉली१३०५. निवड करायला वावच नसल्याने चुकीची निवडही होत नाही. प्रत्येक यंत्राची एक खासगी (स्वतःपाशीच राहणारी) आणि एक सार्वजनिक (इतरांना द्यायची) किल्ली असते, आणि कोणत्या सार्वजनिक किल्लीला कोणते आयपी पत्ते वापरायची मुभा आहे याची यादी म्हणजेच जवळजवळ सगळी मांडणी. ओळखीच्या किल्लीशिवाय आलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट तपासत फिरणाऱ्याला तिथे काही चालू आहे हेही कळत नाही. याच मौनाचा त्रास मांडणी करताना होतो. किल्लीत एक अक्षर चुकले तरी त्रुटीचा संदेश येत नाही, नुसती शांतता.

सर्व्हर चालवायला फार शक्ती लागत नाही. अनेक राउटरमध्ये तो अंगभूतच असतो, ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली घातलेल्या राउटरवर बसवता येतो, आणि रास्पबेरी पायसारखा छोटा संगणकही पुरतो. जे यंत्र चोवीस तास चालू असते आणि वीज जाऊन आल्यावर आपोआप उठते ते निवडावे.

घराचा पत्ता

एन्क्रिप्शनचा अवघड भाग प्रोटोकॉल बनवणाऱ्यांनी सोडवून ठेवला आहे. घरी मांडणी करणाऱ्याचा बहुतेक वेळ जातो तो दोन साध्या प्रश्नांत : बाहेरून घर सापडणार कसे, आणि आत आलेले पॅकेट परत जाणार कुठून.

पहिला प्रश्न पत्त्याचा. राउटरला सेवादात्याकडून मिळालेला सार्वजनिक पत्ता अधूनमधून बदलतो. त्यावर उपाय डायनॅमिक डीएनएसचा. एक नाव घ्यायचे आणि पत्ता बदलला की राउटरने किंवा सर्व्हरने ते नाव नव्या पत्त्याला जोडायचे. इथे वायरगार्डची एक खोच आहे. नावाचा पत्ता तो टनेल सुरू होतानाच शोधतो, नंतर पाहत नाही. घरचा पत्ता मध्येच बदलला तर बाहेरचा लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर पॅकेट धाडत राहतो. टनेल बंद करून पुन्हा सुरू केला की चालतो. कायम जोडलेल्या यंत्रावर नाव पुन्हा तपासणारी स्क्रिप्ट लावतात.

मग राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करायचे, म्हणजे ठरलेल्या यूडीपी पोर्टवर, वायरगार्डसाठी रूढीने ५१८२० वर, येणारी पॅकेटे आतल्या सर्व्हरकडे वळवायची. त्यासाठी सर्व्हरचा आतला पत्ता पक्का हवा. तो राउटरच्या डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या) सेटिंगमध्ये राखून ठेवावा, नाहीतर काही आठवड्यांनी पॅकेटे भलत्याच यंत्राकडे जाऊ लागतात.

एवढे करूनही काही घरांत बाहेरचे एकही पॅकेट आत येत नाही. कारण बहुधा कॅरियर ग्रेड नॅट, म्हणजे सेवादात्याने केलेला नॅट (अनेक यंत्रांना एका पत्त्यामागे बसवणे). आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीचे पत्ते संपत आल्याने सेवादाते अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. त्यासाठी २०१२ साली १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ ही वेगळी पट्टी राखली गेली. ओळखण्याची खूण सोपी आहे. राउटरच्या पानावर दिसणारा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता आणि पत्ता दाखवणाऱ्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता जुळत नसेल, तर मध्ये आणखी एक नॅट आहे. कधी तो आपल्याच घरात असतो, सेवादात्याच्या मोडेमवर मागून आणखी एक राउटर लावलेला असतो, आणि तेव्हा मोडेम ब्रिज मोडमध्ये (नॅट न करता नुसता पूल म्हणून) टाकला की काम होते. नॅट सेवादात्याचाच असेल तर आपल्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, उपयोग नाही. मग सेवादात्याकडून सार्वजनिक पत्ता मागावा, किंवा आयपीव्ही६ ही नवी पत्तापद्धत वापरावी, ज्यात घरातल्या यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि फक्त फायरवॉलमध्ये (नको ती पॅकेटे अडवणाऱ्या भिंतीत) वाट करून द्यावी लागते. मात्र बाहेर ज्या नेटवर्कवर आपण असू तिथेही आयपीव्ही६ हवे. तिसरा मार्ग म्हणजे भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर दोन्ही बाजूंनी जोडून घेणे. टेलस्केलसारख्या सेवा वायरगार्डवरच उभ्या आहेत. त्या दोन्ही यंत्रांना नॅटमधून थेट भेट घडवून देतात आणि ते जमले नाही तर मधल्या सर्व्हरवरून पॅकेटे पोचवतात.

परतीची वाट

टनेल जोडला, सर्व्हरला पिंग (‘आहेस का’ अशी विचारणा) जातो, पण घरातला दुसरा कोणताही संगणक उत्तर देत नाही, ही सगळ्यांत जास्त आढळणारी तक्रार आहे. तिची दोन कारणे. सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंग चालू नसेल तर लिनक्स दुसऱ्यासाठी आलेले पॅकेट पुढे ढकलतच नाही. ते चालू असले तरी टनेलच्या सबनेटची (पत्त्यांच्या गटाची) घरातल्या यंत्रांना माहिती नसते, म्हणून ती उत्तर राउटरकडे देतात आणि राउटरलाही पुढचे ठाऊक नसते. राउटरवर एक स्थिर राउट (ठरलेली वाट) घालावा : टनेलच्या सबनेटकडे जायचे तर व्हीपीएन सर्व्हरमार्फत. ज्या राउटरवर ही सोय नाही तिथे सर्व्हरवर मास्करेड लावतात, म्हणजे बाहेरून आलेली पॅकेटे सर्व्हरच्याच पत्त्याने घरात फिरतात. हे लगेच चालते. विंडोजची फायरवॉल फाइल शेअरिंगला सहसा आपल्याच सबनेटपुरती परवानगी देते, तो अडथळाही यात आपोआप टळतो. पण घरातल्या नोंदींमध्ये मग सगळेच पाहुणे एका पत्त्याने दिसतात. म्हणून जमेल तिथे राउटच घालणे चांगले.

दुसरा सापळा सबनेटच्या टकरीचा. घरचे नेटवर्क १९२.१६८.१.० आणि बाहेरच्या वाय-फायचेही तेच असेल, तर लॅपटॉपला घरचा प्रिंटर शेजारच्या खोलीत आहे असे वाटते आणि पॅकेट टनेलमध्ये शिरतच नाही. असंख्य राउटर कारखान्यातून याच किंवा १९२.१६८.०.० या पट्टीवर येतात. घरचे सबनेट १०.७३.४१.० सारखे आडवाटेचे ठेवावे, आणि व्हीपीएन बसवण्याआधीच बदलावे. नंतर बदलायचे म्हणजे एकेक यंत्र पुन्हा धुंडाळावे लागते.

वायरगार्डमधून ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेक यंत्रांना दिलेल्या हाका, जात नाहीत. त्यामुळे घरी आपोआप यादीत दिसणारे टीव्ही आणि प्रिंटर बाहेरून दिसत नाहीत, त्यांचा पत्ता हाताने द्यावा लागतो.

वेगाची अपेक्षा घरच्या अपलोडवरून ठरवावी, डाउनलोडवरून नव्हे, कारण बाहेर आपण जे उतरवतो ते घराला चढवावे लागते. लहान पाने उघडतात आणि मोठी फाइल मध्येच थिजते, असे झाले तर संशय एमटीयूवर (एका पॅकेटच्या बाइटांतल्या कमाल आकारावर) घ्यावा. वायरगार्डचे मूल्य साधारणतः १४२० असते. मोबाइल जोडणीवर ते १२८० पर्यंत उतरवून पाहतात.

चाचणी नेहमी फोनच्या मोबाइल डेटावरून करावी. घरच्याच वाय-फायवरून घराच्या सार्वजनिक पत्त्याकडे जाणे अनेक राउटरना जमत नाही, आणि बरोबर मांडणी चुकीची वाटून माणूस ती बिघडवून बसतो. सर्व्हरवर शेवटच्या हँडशेकची (दोन यंत्रांनी एकमेकांना ओळखून घेण्याची) वेळ दिसत नसेल तर आधी पॅकेट पोचते का ते टीसीपीडंप या पॅकेट दाखवणाऱ्या साधनाने पाहावे. पोचत नसेल तर दोष पत्त्यात किंवा पोर्टमध्ये, पोचत असेल तर बहुधा किल्लीत. एक विरळा दोष घड्याळाचा आहे. हँडशेकमधली वेळ मागच्यापेक्षा पुढची असावी लागते, म्हणून स्वतःचे घड्याळ नसलेला छोटा संगणक वीज गेल्यावर जुन्या तारखेने उठला तर वेळ जुळेपर्यंत समोरचे यंत्र त्याला नाकारत राहते.

प्रत्येक यंत्राला स्वतःची किल्ली द्यावी. एकच फाइल दोन फोनमध्ये घातली तर दोघे आळीपाळीने एकमेकांची जोडणी तोडतात, आणि त्याहून वाईट म्हणजे एक फोन हरवला तर दोन्हींची किल्ली बदलावी लागते. किल्ल्या वेगळ्या असतील तर हरवलेल्या फोनची सार्वजनिक किल्ली सर्व्हरच्या यादीतून काढली की त्याचा प्रवेश त्याच क्षणी बंद होतो आणि घरातल्या बाकी कुणाला त्याची कल्पनाही येत नाही.