उरलेले पॉइंट आणि उरलेलं सोनं

वॉरहॅमर 40,000 हा टेबलावर छोट्या पुतळ्यांच्या फौजा लढवायचा खेळ. प्रत्येक तुकडीची किंमत पॉइंटांत असते आणि ठरलेल्या मर्यादेत, बहुधा 2,000 मध्ये, फौज निवडायची, तीच लिस्ट. ती बनवताना नवीन पोरं एक प्रश्न हमखास विचारतात. 1,985 पॉइंटांची फौज झाली, अजून पंधरा शिल्लक. ‘‘दादा, हे पंधरा पुढच्या संडेला चालतील नं?’’ इंदूरला रामबागेत आम्ही जमतो तिथे हे विचारणारा बहुधा ब्लड बोल (पुतळ्यांचाच, पण मारामारीच्या फुटबॉलचा खेळ) खेळून आलेला असतो, कारण तिथे उरलेलं खरंच पुढे चालतं. दोन्हीकडे ‘इतक्यात संघ बसवा’ एवढंच सांगितलेलं असतं, त्यामुळे गोंधळ व्हायचाच.

पॉइंटांची मर्यादा ही त्या एका सामन्याची अट असते. विमानात 15 किलो सामान चालतं आणि तुमची बॅग 13 किलोची भरली, म्हणून उरलेले 2 किलो परतीच्या प्रवासात कोणी वाढवून देत नाही. तसंच हे. वॉरहॅमर 40,000 मध्ये फौजेचे 1,000, 2,000 आणि 3,000 पॉइंट असे ठरलेले आकार आहेत, स्पर्धा बहुतेक 2,000 वरच होतात. सामना संपला की हिशोब संपला. तुमची अख्खी फौज कापली गेली असली तरी पुढच्या खेपेला तीच मांडा, कोणी काही म्हणत नाही. 2023 मध्ये दहावी आवृत्ती आली तेव्हापासून बंदुका-तलवारींचे वेगळे पॉइंट लागत नाहीत आणि तुकड्याही ठरलेल्या संख्येतच घ्याव्या लागतात, म्हणून बरोब्बर 2,000 गाठणं आणखी अवघड झालंय. पंधरा पॉइंटांत एखाद्या सरदाराला एन्हान्समेंट (जादा ताकद) बसत असेल तर द्यावी, नाहीतर सोडून द्यावेत.

ब्लड बोलमध्ये सुरुवातीला 10 लाख सोन्याची नाणी मिळतात. त्यात किमान 11, जास्तीत जास्त 16 खेळाडू, रीरोल (फासा पुन्हा टाकायची मुभा) आणि बाकीची माणसं घ्यायची. हे भांडवल आहे. उरलं तर पेटीत राहतं, सामन्यांची कमाई त्यात पडते, आणि खेळाडू मेला की नवा त्यातूनच आणायचा. 2020 च्या आवृत्तीत मानवी संघाचा रीरोल सुरुवातीला 50,000 ला पडतो आणि लीग चालू झाल्यावर तोच 1,00,000 ला. म्हणून जाणती माणसं आधी रीरोल घेतात, महागडे खेळाडू मागाहून.

मग एक संघ दहा सामने खेळून गब्बर झालेला आणि दुसरा कालचा, तर बरोबरी कशी व्हायची? त्यासाठी टीम व्हॅल्यू असते. खेळाडू, रीरोल, प्रशिक्षक वगैरे सगळ्यांची मिळून ती किंमत, पण पेटीतलं सोनं तिच्यात धरत नाहीत. दोन संघांत जो फरक निघेल तेवढी रक्कम हलक्या संघाला त्या सामन्यापुरती खर्चायला मिळते. 1,00,000 मोजले की पंचाला लाचसुद्धा देता येते! पण ही रक्कम पेटीत टाकता येत नाही. म्हणजे सोन्याच्या खेळातही एका सामन्याचा तोल साधायला पॉइंटांसारखंच काहीतरी लागतं.

1999 च्या मॉर्डहाइम या टोळ्यांच्या लढाईच्या खेळात सोन्याचा आणि तोलाचा हे दोन हिशोब आणखी लांब पडतात. टोळी 500 गोल्ड क्राउनमध्ये उभी करायची, पण तिचं रेटिंग (ताकद दाखवणारा आकडा) काढताना साध्या माणसामागे 5 आणि वर जमलेला अनुभव एवढंच मोजतात. चिलखत कितीही भारी असो, रेटिंगमध्ये त्याचं नावही नाही. मला हे ढिसाळ वाटतं. श्रीमंत पण नवखी टोळी कागदावर गरीबच दिसते.

एक्स-विंग या अंतराळातल्या विमानांच्या लढाईच्या खेळाची गंमत वेगळी. 2018 च्या दुसऱ्या आवृत्तीत स्क्वॉड, म्हणजे विमानांचा ताफा, 200 पॉइंटांपर्यंतचा असायचा, आणि ज्याची बेरीज कमी, तो पहिला खेळाडू कोण हे ठरवायचा. सारख्या इनिशिएटिव्हच्या (चालीचा क्रम ठरवणाऱ्या आकड्याच्या) विमानांत पहिल्या खेळाडूची आधी हलतात, आणि मागाहून हलणाऱ्याला समोरचा कुठे गेला ते दिसतं. म्हणून लोक मुद्दाम पाच-सात पॉइंट रिकामे ठेवत, त्याला बिड म्हणत. इथे उरलेल्या पॉइंटांना किंमत होती खरी, पण त्याच टेबलापुरती. 2022 मध्ये मर्यादा 20 वर आली, पहिला खेळाडू दर फेरीला फासे टाकून ठरू लागला आणि बिड संपली.

आमच्यात अधूनमधून कोणीतरी सुचवतं की 40,000 चीही लीग करू, उरलेले पॉइंट पुढे नेऊ. मी विरोधात आहे. पुढचा सामना 2,015 विरुद्ध 2,000 होणार, मग मर्यादा कसली? मोहीमच खेळायची तर सोन्यासारखं वेगळं काही ठेवा आणि सामन्याचे 2,000 दोघांना सारखेच राहू द्या.

उलटी चूक ब्लड बोलमध्ये होते. 40,000 च्या सवयीने पोरं 10 लाखांतलं शेवटचं नाणंही खर्चून टाकतात आणि कसेबसे 11 खेळाडू उभे करतात. पहिल्याच सामन्यात एकजण मेला तर जागा भरायला फुकटचा जर्नीमन (तात्पुरता खेळाडू) मिळतो, पण तो लोनर असतो, रीरोल वापरायची वेळ आली की त्याच्यासाठी आधी वेगळा फासा टाकावा लागतो. मानवी लाइनमन 50,000 ला येतो. तेवढे पेटीत राहू द्यावेत.