गोळी आधी, आवाज नंतर

ओपन वर्ल्ड शूटर गेमचा, म्हणजे मोठ्या मोकळ्या जगात हवं तिकडे फिरत लढायच्या बंदूकबाजीच्या खेळाचा, विषय निघाला की बोलणं हमखास ग्राफिक्सवर येतं. कातडीवरची छिद्रं दिसतात का, डबक्यात आभाळ उमटतं का, संगणकाला ग्राफिक्स कार्ड कुठलं लागेल. पण 2008 साली आलेला 'फार क्राय 2' आज चालवून बघा. चित्र जुनाट वाटेल, तरीही त्यातल्या वाळक्या गवताला आग लागली की हात आपोआप मागे पळायची कळ दाबतो. माझ्या मते खेळातला खरेपणा डोळ्यांना दिसणाऱ्या बारकाव्यांपेक्षा त्या जगाच्या वागण्यात जास्त असतो.

आभासी वास्तवाचे अभ्यासक मेल स्लेटर यांनी 2009 साली यातले दोन भ्रम वेगळे करून दाखवले. 'मी या जागी आहे' हा पहिला. 'समोर घडतंय ते खरंच घडतंय' हा दुसरा. दुसऱ्या भ्रमासाठी चित्र हुबेहूब असायची गरज नसते. आपण काही केलं की जगाने त्याची दखल घ्यायला हवी आणि जे घडेल ते त्या जगात शोभायला हवं. टेबलावरच्या पडद्यावर पहिला भ्रम अर्धामुर्धाच जमतो, त्यामुळे शूटर गेमची सगळी भिस्त दुसऱ्यावर असते.

साधी गोळी घ्या. पुष्कळ गेममध्ये ती नसतेच! घोडा दाबला की संगणक बंदुकीपासून एक सरळ रेषा काढतो आणि तिच्या वाटेत जो येईल त्याला त्याच क्षणी जखमी करतो. झेक कंपनी बोहेमिया इंटरअॅक्टिव्हच्या 'आर्मा' मालिकेत मात्र गोळी ही वस्तू असते. तिला वेग असतो, हवा तिला अडवते, गुरुत्वाकर्षण खाली ओढतं. थोडं गणित करू. लक्ष्य 400 मीटरवर आहे आणि गोळीचा सरासरी वेग सेकंदाला 800 मीटर धरला, तर पोचायला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्या वेळात ती सुमारे 1.2 मीटर खाली येते. डोक्यावर धरलेला नेम गुडघ्यावर बसतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे त्याच अंतराला त्याला जवळजवळ 1.2 सेकंद लागतात. ज्याच्यावर गोळी झाडली त्याला आधी शेजारून गेलेल्या गोळीचा कडाका ऐकू येतो आणि बंदुकीचा धमाका त्यानंतर. अनुभवी खेळाडू या दोन आवाजांमधल्या वेळेवरून शत्रू किती लांब आहे याचा अंदाज बांधतात. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण इथे भौतिकशास्त्र शोभेला न राहता खेळाडूच्या उपयोगी पडतं.

यात प्रोग्रामरपुढे एक मजेदार अडचण येते. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे पडद्यावरची एकामागून एक येणारी स्थिर चित्रं, चालत असतील तर दोन फ्रेमच्या मध्ये गोळी 13 मीटर पुढे जाते. एका फ्रेममध्ये ती भिंतीच्या अलीकडे, पुढच्या फ्रेममध्ये पलीकडे, आणि भिंतीला ओरखडासुद्धा नाही. म्हणून गोळीची जुनी आणि नवी जागा जोडणारी रेषा काढून तिच्या आड काय आलं ते तपासावं लागतं.

'फार क्राय 2'मधली आगही हिशेबाचीच. जमिनीचे छोटे छोटे चौकोन पाडलेले असतात. कुठल्या चौकोनात जळण्याजोगं किती, शेजारचा पेटलाय का, वारा कुठून येतोय, यावर आग पसरते. ती कुठे जाईल हे कुणी आधी लिहून ठेवलेलं नसतं. शत्रूच्या तळावर पेटती बाटली फेकावी आणि वारा फिरल्यावर आपल्यालाच गवतातून पळावं लागावं, हे म्हणूनच पटतं. गंजलेली बंदूक ऐन लढाईत जाम होते, मलेरियाने डोळ्यांपुढे अंधारी येते, नकाशा पाहायला तो हातात उघडून धरावा लागतो आणि तोवर जग थांबत नाही.

याच गेममध्ये तो भ्रम सपशेल मोडतोही. रस्त्यावरची चौकी साफ करून थोडं पुढे जाऊन परत या, तिथे नवे पहारेकरी हजर. आपण केलेलं जगाने पुसून टाकलं, हे मन ताबडतोब टिपतं. मला अंधूक पोत किंवा ओबडधोबड झाडं चालतात, हे चालत नाही.

युक्रेनच्या जीएससी गेम वर्ल्डने 2007 साली 'स्टॉकर: शॅडो ऑफ चेर्नोबिल'मध्ये यावर वेगळी वाट काढली होती. खेळाडूच्या आसपासची माणसं आणि प्राणी पूर्ण तपशिलात चालवायचे, लांबच्यांचा मात्र नकाशावरच्या सोंगट्यांसारखा ढोबळ हिशेब ठेवायचा. कोण कुठे गेला, कुणाची कुणाशी गाठ पडली, कोण मेला. त्यामुळे वळणावर अचानक प्रेत सापडतं, कुत्री भटक्यांवर तुटून पडलेली दिसतात, आणि त्यात आपला काहीच हात नसतो. संगणकाची ताकद वाचते, शिवाय आपल्या गैरहजेरीतही इथे काहीतरी चालू असतं असं वाटत राहतं.

2012 साली 'फार क्राय 3' आला. त्यात जिंकलेली चौकी आपल्याच ताब्यात राहू लागली आणि आगही पूर्वीसारखी पसरत राहिली. पण मलेरिया गेला आणि ऐन वेळी दगा देणारी बंदूकही गेली. खेळणं सोपं झालं, गेम जास्त लोकांपर्यंत पोचला. चौकीचा बदल करायलाच हवा होता. बंदुकीचा मात्र मला आजही पटलेला नाही.