चिपला हर्ट्झ कळत नाही

बटण दाबल्यावर उपकरणातून येणारा ‘बीप’ दरवेळी साठवलेल्या ध्वनिफाइलमधूनच येतो असं नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएलव्ही३२०डीएसी३१०० या ऑडिओ चिपमध्ये त्यासाठी वेगळा स्वरजनक आहे. मुख्य प्रोसेसरने काही रजिस्टरांत, म्हणजे चिपमधल्या आकडे ठेवायच्या छोट्या कप्प्यांत, आकडे भरायचे. सूर चिपच तयार करते.

मात्र १००० हर्ट्झचा सूर हवा, म्हणून ‘१०००’ लिहायला तिथे जागा नाही. हर्ट्झ आणि सेकंद या चिपला ठाऊकच नाहीत. डिजिटल ध्वनी म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेल्या लहरीच्या किमती, म्हणजे नमुने. तिला कळतो तो एका नमुन्यापासून पुढच्या नमुन्यापर्यंत लहरीचा कोन किती सरकला एवढाच हिशेब. सेकंदाला ४८,००० नमुने असतील तर १००० हर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तन ४८ नमुन्यांत पुरं होतं, म्हणजे दर नमुन्याला कोन साडेसात अंश पुढे जातो. या साडेसात अंशांची साइन आणि कोसाइन प्रत्येकी ३२,७६८ ने गुणून १६ बिटांत बसवली की ४२७७ आणि ३२,४८८ हे आकडे मिळतात. चालू कोनाची साइन-कोसाइन हाती असली, की या दोन आकड्यांनी गुणून आणि बेरीज करून पुढची साइन निघते.

हे गणित आपल्याकडे फार जुनं आहे, आणि मला त्याचं मनापासून अप्रूप वाटतं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’त अंशाअंशाने ‘ज्या’ (त्रिज्येने गुणलेली साइन) काढण्याची रीत दिली: आधीच्या ज्येतून तिचाच ६५६९वा भाग वजा करा, कोटिज्येला (त्रिज्येने गुणलेल्या कोसाइनला) १० ने गुणून ५७३ ने भागा आणि ते त्यात मिळवा. दहा भागिले ५७३ म्हणजे एका अंशाची साइन, सहा दशांश स्थळांपर्यंत बरोबर! रजिस्टरांतले दोन आकडे याच जातीचे, फक्त पायरी साडेसात अंशांची.

हीच रीत स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये वापरणाऱ्याने एक गोष्ट तपासावी. ४२७७ आणि ३२,४८८ यांच्या वर्गांची बेरीज ३२,७६८ च्या वर्गापेक्षा किंचित जास्त भरते. दर नमुन्याला लहर तेवढी फुगते, आणि दुरुस्ती केली नाही तर सेकंदभरात तिची उंची सुमारे १.६ पट होते.

बीप किती वेळ वाजावा, तेही नमुन्यांतच सांगायचं: पाव सेकंदासाठी १२,०००. तेवढे नमुने झाले की बीप सुरू करणारा बिट आपोआप शून्य होतो. या चिपचा स्वरजनक पीआरबी-पी२५ या एकाच प्रक्रिया-संचात (ध्वनीवरच्या प्रक्रियांच्या तयार जुळणीत) उपलब्ध आहे, तर सुरुवातीला चालू असतो पीआरबी-पी१. तो बदलला नाही तर बाकी सगळं अचूक भरूनही शांतता!

नवा बोर्ड मुका असेल तर मी आधी बीप वाजवून पाहण्याचा सल्ला देईन. बीप ऐकू आला, तर डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारा भाग, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर ठीक आहेत. दोष प्रोसेसरकडून येणाऱ्या ध्वनीच्या वाटेवर शोधायचा. सूरही मोजावा. रजिस्टरं ४८,००० धरून भरली आणि नमुन्यांचा वेग ठरवणारं घड्याळ प्रत्यक्षात ४४,१०० चं निघालं, तर १००० ऐवजी ९१८.७५ हर्ट्झ येतील.