न्यू डीलमधील सार्वजनिक वास्तू, पूल व भित्तिचित्रे

महामंदीच्या काळात बेकारांना काम मिळावे म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत केंद्र सरकारने राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ या मदत व सुधारणा कार्यक्रमाखाली १९३३ ते १९४३ या दशकात पैसा पुरवून करवून घेतलेली बांधकामे व कलाकामे. शाळा, टपाल कार्यालये, न्यायालये, पूल, विमानतळ, उद्यानांतील विश्रामगृहे आणि अशा इमारतींच्या भिंतींवरील चित्रे यांचा त्यांत समावेश होतो. या साऱ्यांना सरसकट ‘डब्ल्यूपीएची (वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन या एका यंत्रणेची) कामे’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी तो बरोबर नाही. पैसा देणाऱ्या यंत्रणा अनेक होत्या आणि त्यांचे हेतू, मजुरी व निवडीचे नियम एकमेकांशी जुळत नव्हते.

राष्ट्रीय औद्योगिक पुनरुत्थान कायद्यान्वये जून १९३३ मध्ये पब्लिक वर्क्स ॲडमिनिस्ट्रेशन (पीडब्ल्यूए) ही यंत्रणा स्थापन झाली व तिच्यासाठी ३.३ अब्ज डॉलरची तरतूद झाली. तिचे प्रमुख हॅरल्ड इक्स अत्यंत काटेकोर होते. आराखडे बारकाईने तपासल्याशिवाय ते पैसा सोडत नसत. कामे खाजगी कंत्राटदारांमार्फत होत. स्थानिक संस्थांना सुरुवातीस खर्चाच्या ३० टक्के व पुढे ४५ टक्के अनुदान आणि उरलेल्या रकमेसाठी कर्ज मिळे. याउलट हॅरी हॉपकिन्स यांच्या सिव्हिल वर्क्स ॲडमिनिस्ट्रेशनने १९३३-३४ च्या एका हिवाळ्यात सुमारे ४० लाख लोकांना थेट कामावर घेतले. मे १९३५ मध्ये स्थापन झालेल्या वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशनने (डब्ल्यूपीए) हीच रीत पुढे चालवली. तिचे बहुतेक मजूर मदतीस पात्र ठरलेल्यांच्या यादीतून घेतले जात आणि खर्चाचा मोठा भाग मजुरीवर जाई. म्हणून पीडब्ल्यूएच्या कामांना ‘मदतकामे’ म्हणावे की नुसती ‘सार्वजनिक बांधकामे’, याबद्दल मतभेद आहे. काटेकोर अर्थाने दुसरी संज्ञा अधिक योग्य वाटते. प्रस्तुत नोंदीत मात्र रूढीनुसार दोन्हींचा विचार केला आहे.

डब्ल्यूपीएच्या नावावर सुमारे सव्वा लाख इमारती मांडल्या जातात. त्यांपैकी नव्या साधारण ४० हजार होत्या, बाकीच्यांची दुरुस्ती किंवा वाढ झाली. पुलांच्या आकड्यांतही हाच घोळ आहे. नवे व दुरुस्त केलेले पूल एकत्र धरले की संख्या बरीच फुगते. केवळ नवे मोजल्यास ती ७५ ते ७८ हजारांच्या आसपास येते. यांतील बहुसंख्य पूल गावरस्त्यांवरील लहान पूल होत. न्यूयॉर्कचा ट्रायबरो पूल (१९३६), ऑरेगनच्या किनाऱ्यावरील अभियंते कॉन्ड मॅक्कलो यांनी आखलेले पाच पूल (१९३६) आणि फ्लॉरिडा कीज बेटांना जोडणारा ओव्हरसीज महामार्ग (१९३८) ही मोठी कामे पीडब्ल्यूएच्या पैशातून झाली. सॅन फ्रॅन्सिस्कोचा गोल्डन गेट पूल पुष्कळदा याच यादीत घातला जातो. पण त्याचा मुख्य खर्च स्थानिक कर्जरोख्यांतून भागवला गेला.

डब्ल्यूपीएच्या वास्तूंपैकी ऑरेगनमधील मौंट हूडवरील टिंबरलाइन लॉज विशेष प्रसिद्ध आहे. रूझवेल्ट यांनी सप्टेंबर १९३७ मध्ये तिचे उद्घाटन केले. जिन्याच्या खांबांवरील प्राणी टाकाऊ तारखांबांत कोरले आहेत. लोहारकाम, विणकाम, सुतारकाम हाती करवून घेण्यामागे सौंदर्यदृष्टी होतीच. शिवाय यंत्राऐवजी माणसाला काम मिळावे, हा हिशेबही होता.

भित्तिचित्रांच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. चित्रकार जॉर्ज बिडल यांनी ९ मे १९३३ रोजी आपले जुने शाळासोबती राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिलेल्या पत्रापासून सुरुवात मानण्याची रीत आहे. मेक्सिकोत राष्ट्राध्यक्ष ओब्रेगोन यांच्या राजवटीत चित्रकारांनी नळकारागिराच्या मजुरीवर सरकारी भिंती रंगवल्या, तसे येथेही व्हावे, असे त्यांनी सुचवले होते. (योगायोगाने त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये लेनिनचे चित्र घातल्यावरून मेक्सिकन भित्तिचित्रकार दिएगो रिव्हेरा यांचे काम थांबवण्यात आले.) दुसऱ्या मतानुसार न्यूयॉर्कमध्ये १९३२ च्या अखेरीसच कॉलेज आर्ट असोसिएशनने खाजगी मदतनिधीतून बेकार चित्रकारांना काम द्यायला सुरुवात केली होती. कल्पनेचे श्रेय बिडल यांना आणि कार्यपद्धतीचे न्यूयॉर्कला, अशी वाटणी अधिक पटण्याजोगी आहे. अर्थखात्याचा पब्लिक वर्क्स ऑफ आर्ट प्रोजेक्ट डिसेंबर १९३३ मध्ये सुरू होऊन काही महिन्यांतच आटोपला. तेवढ्यात सुमारे ३,७०० कलावंतांनी पंधरा हजारांहून अधिक कलाकृती केल्या.

टपाल कार्यालयांतील बहुतेक चित्रे मदतकार्यातील नव्हेत. ती अर्थखात्याच्या ‘सेक्शन’ने (ऑक्टोबर १९३४–४३) करवून घेतली. एडवर्ड ब्रूस यांच्या या विभागात इमारतीच्या खर्चातील सुमारे एक टक्का कलेसाठी राखण्याचे तत्त्व होते. चित्रकाराची निवड गरजेवर नव्हे, तर निनावी स्पर्धांतून गुणवत्तेवर होई. डब्ल्यूपीएचा फेडरल आर्ट प्रोजेक्ट (१९३५–४३) मात्र मासिक वेतन देई. त्याची अडीच हजारांहून अधिक भित्तिचित्रे शाळा, इस्पितळे, विमानतळ यांत आहेत. मधली अडचण ट्रेझरी रिलीफ आर्ट प्रोजेक्टची : व्यवस्था अर्थखात्याची, पैसा डब्ल्यूपीएचा. न्यूयॉर्कच्या जकातघरातील रेजिनाल्ड मार्श यांची चित्रे याच योजनेतील.

तंत्राच्या दृष्टीने ओल्या गिलाव्यावरील खरे भित्तिलेपचित्रण तुलनेने थोडे. पोस्टमास्तरच्या दारावरील ठराविक आकाराच्या जागेसाठी चित्रकार बहुधा आपल्या चित्रशाळेत कॅनव्हासवर तैलरंगांत चित्र काढी आणि मग ते सफेद्याच्या लेपाने भिंतीला चिकटवले जाई. यामुळे इमारत पाडताना अनेक चित्रे सोडवून घेता आली.

वाद सुरुवातीपासून होते. सॅन फ्रॅन्सिस्कोचा कॉइट मनोरा देणगीतून बांधलेला. त्यातील चित्रे मात्र सरकारी योजनेतील. एका चित्रातील विळा-हातोडा पुसून मनोरा ऑक्टोबर १९३४ मध्ये खुला झाला. न्यूयॉर्कच्या हार्लेम इस्पितळाच्या अधीक्षकांनी तेथील भित्तिचित्रांच्या आराखड्यांत कृष्णवर्णीय विषयांचे प्रमाण फार आहे, अशी हरकत घेतली होती. नूअर्क विमानतळावरील आर्शील गॉर्की यांच्या दहा फलकांपैकी दोनच पुढे रंगाच्या थरांखाली सापडले. जेम्स ब्रूक्स यांचे न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरील ‘फ्लाइट’ हे भित्तिचित्र १९५० नंतरच्या दशकात रंगाखाली झाकले गेले आणि १९८० मध्ये पुन्हा उघडले. व्हिक्टर अर्नाटॉफ यांची सॅन फ्रॅन्सिस्कोच्या जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूलमधील चित्रे (१९३६) गुलामगिरी व मूलनिवासींची हत्या दाखवतात. ती झाकण्याचा २०१९ चा निर्णय २०२२ मध्ये शाळा मंडळाने मागे घेतला.