व्यसन राहतं कुठे?

१९८२ साली कॅनडातले मानसशास्त्रज्ञ शेपर्ड सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना काही आठवडे हेरॉइन दिलं, मात्रा हळूहळू वाढवत नेली. ते मिळायचं एका ठराविक जागी. शरीर सरावलं. मग एक दिवस सगळ्यांना एकदम मोठी मात्रा टोचली, काहींना त्याच ओळखीच्या जागी आणि काहींना दुसऱ्या जागी. ओळखीच्या जागी सुमारे ३२ टक्के उंदीर मेले. दुसऱ्या जागी सुमारे ६४ टक्के. पदार्थ तोच, मात्रा तीच, सरावही तितकाच. जागा तेवढी वेगळी होती.

व्यसनाबद्दल बोलताना आपण दोनच गोष्टी धरून बसतो: पदार्थ आणि माणसाची इच्छाशक्ती. हा प्रयोग तिसरी गोष्ट पुढे आणतो. हेरॉइनने श्वास मंदावतो. ते नेहमी एकाच ठिकाणी मिळत असेल, तर तिथल्या भिंती दिसताच, तिथला वास येताच शरीर आधीच उलट तयारीला लागतं. अनोळखी ठिकाणी ही आगाऊ तयारी होत नाही आणि सोसवणारी मात्राही जिवावर बेतते. मात्र तयारी झाली आणि पदार्थ आलाच नाही, तर जी तगमग होते ती तलफेचा एक मोठा भाग असते. महिनोन्महिने दारूला न शिवलेला माणूस जुन्या बैठकीच्या वाटेवरून जाताना अचानक का कासावीस होतो, याचं उत्तर इथे सापडतं.

मेंदूच्या बाजूनेही हेच दिसतं. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचा अभ्यास केला. फळांचा रस अनपेक्षितपणे मिळाला की त्या पेशी उसळत. रसाआधी दरवेळी दिवा लागू लागला, तेव्हा काही काळाने त्या दिवा लागताच उसळू लागल्या. प्रत्यक्ष रस आल्यावर त्यांना फारसं काही वाटेनासं झालं. डोपामिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणायची पद्धत आहे, ती मला दिशाभूल करणारी वाटते. ‘इथे काहीतरी मिळणार आहे, लक्ष दे’ हे शिकवण्याचं काम ते जास्त करतं. दारू, निकोटिन, अफूपासून बनलेले पदार्थ ही शिकवण नैसर्गिक सुखांपेक्षा कितीतरी जोरात पक्की करतात. म्हणूनच ‘आता मजा येत नाही, तरी राहवत नाही’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. मजा आणि ओढ या मेंदूत वेगवेगळ्या वाटा आहेत.

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी केलेला अभ्यास याला जोडून पाहावा. तिथे असताना जवळपास पाचातला एक सैनिक हेरॉइनसारख्या पदार्थांच्या आहारी गेला होता. पण घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले जेमतेम पाच टक्के पुन्हा त्या अवस्थेला पोहोचले. युद्धभूमी, तिथले सोबती, तिथली भीती आणि सहज मिळणारा माल, सगळंच मागे राहिलं होतं. बहुतेक रुग्णांचं मात्र नेमकं उलटं असतं. ते उपचारासाठी अनोळखी जागी जातात आणि बरे होऊन परततात ते जिथे व्यसन लागलं त्याच घरात.

त्या घरात जाणारी आरोग्य व्यवस्थेतली व्यक्ती म्हणजे सामुदायिक आरोग्य परिचारिका. १८९३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिलियन वॉल्ड यांनी वस्तीत राहून घरोघरी शुश्रूषा सुरू केली, तेव्हापासून या कामाचा गाभा तोच आहे: आजारी माणसाला त्याच्या घरात, त्याच्या माणसांत पाहायचं. बाळाचं वजन करायला किंवा आजोबांचा रक्तदाब मोजायला गेलेल्या सिस्टरला जे दिसतं, ते दवाखान्यातल्या पाच मिनिटांत दिसत नाही. सकाळीच थरथरणारे हात, वेळेआधी संपलेल्या झोपेच्या गोळ्या, वडिलांचा विषय निघताच गप्प होणारं मूल. व्यसनाच्या उपचारात या गृहभेटीला जितकं महत्त्व मिळायला हवं, तितकं मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

लवकर ओळखणं हा तिचा मोठा उपयोग. २०१३ मध्ये आलेल्या ‘डीएसएम-५’ या मनोविकारांच्या निदानपुस्तिकेने ‘गैरवापर’ आणि ‘अवलंबित्व’ असे दोन कप्पे काढून टाकले आणि एकच ‘पदार्थ वापर विकार’ मानला. त्याचे अकरा निकष आहेत. ठरवल्यापेक्षा जास्त घेणं, सोडायचा प्रयत्न फसणं, तलफ येणं, कामाकडे दुर्लक्ष होणं, नात्यांत भांडणं होऊनही चालू ठेवणं, हे त्यांतले काही. बारा महिन्यांत दोन-तीन जुळले तर विकार सौम्य, चार-पाच जुळले तर मध्यम, सहा किंवा अधिक असतील तर तीव्र. म्हणजे संसार मोडेपर्यंत थांबायची गरज नाही. सौम्य पायरीवरच बोलणं सुरू करता येतं. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने मॉर्फिन घेणाऱ्याचं शरीर त्याला सरावतं, अचानक बंद केल्यास त्रासही होतो. एवढ्यावरून त्याला व्यसनी ठरवता येत नाही. या भीतीपोटी वेदना सोसत राहणारे रुग्ण आणि गोळ्या लपवून ठेवणारे नातेवाईक पाहून जीव तुटतो.

दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. चाळीसपैकी आठ किंवा जास्त गुण आले की सावध व्हायचं. पण कागद हातात असला तरी सगळं अडतं ते विचारण्यावर. ‘दारू पिता का?’ या प्रश्नाला दारातच ‘नाही’ मिळतं. ‘झोप कशी लागते? भूक? आणि दारू आठवड्यातून किती वेळा होते?’ असं इतर चौकशीच्या ओघात आलं, तर माणूस बोलतो. शब्दांचा परिणाम उपचार करणाऱ्यांवरही होतो. २०१० च्या एका अभ्यासात मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या व्यावसायिकांना एकाच रुग्णाचं वर्णन दोन प्रकारे वाचायला दिलं. ज्यांच्या वर्णनात ‘गैरवापर करणारा’ असा शिक्का होता, त्यांना दोष रुग्णाचाच आहे आणि त्याला शिक्षा व्हावी असं अधिक वाटलं. शिकलेल्या माणसांची ही गत, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचं काय!

आता थोडं धोक्याबद्दल, कारण यावर जीव अवलंबून असतो. रोज भरपूर पिणाऱ्याला ‘आजपासून बंद’ म्हणून खोलीत कोंडणं हा प्रेमापोटी केलेला घातक उपाय आहे. दारू मेंदूला शांत करते. मेंदू तिचा तोल सांभाळायला उत्तेजित राहायला शिकलेला असतो. दारू एकाएकी थांबली की ती उत्तेजना मोकाट सुटते. साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप, घाम, नसलेलं दिसणं असा प्रकार सुरू झाला, तर उपचाराविना मृत्यूही ओढवतो. आधी कधी फिट किंवा भ्रम झालेल्या माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुटली पाहिजे. शिवाय अशा माणसांत जीवनसत्त्व बी-१ ची कमतरता वारंवार आढळते आणि ती वेळीच भरून काढली नाही तर स्मृती कायमची जाऊ शकते.

अफूपासून बनलेल्या पदार्थांचा धोका निराळा. ते सोडतानाचा त्रास भयंकर असला तरी सहसा जिवावर बेतत नाही. जीव जातो तो नंतर. काही आठवडे पदार्थ न घेतल्यावर शरीराची सोसण्याची ताकद उतरते, माणसाच्या डोक्यात मात्र जुनीच मात्रा असते. उपचार केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत जोखमीचे. पहिली गृहभेट महिन्याने ठेवली, तर ती उशिराच होते. पहिल्या आठवड्यातच जायला हवं.

याच कारणाने मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन या, अफूच्याच जातीच्या पण देखरेखीखाली द्यायच्या औषधांचे उपचार मोलाचे आहेत. १९६५ मध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी मेथाडोनचे पहिले निष्कर्ष मांडले. ‘एक व्यसन काढून दुसरं लावलं’ हा आक्षेप तेव्हापासून ऐकू येतो. पण ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या वेळी घेतलेलं हे औषध तलफ शमवतं, मृत्यूचं प्रमाण ठळकपणे घटवतं, माणूस कामावर जाऊ शकतो. इन्सुलिनला कुणी व्यसन म्हणत नाही. व्यसन पुन्हा उलटण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के सांगितलं जातं. उच्च रक्तदाब आणि दम्यातही उपचारानंतर आजार उलटण्याचं प्रमाण कमी नसतं. तिथे आपण औषध बदलून पाहतो, इथे माणसाला हाकलतो.

घरच्यांनाही शिकवण्यासारखं बरंच असतं. अफूजन्य पदार्थ घेणाऱ्याच्या घरात, जिथे उपलब्ध असेल तिथे, नालोक्सोन हे उतारा-औषध ठेवावं. नाकात फवारता येईल अशा स्वरूपातही ते मिळतं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळसर, घुसमटल्यासारखी घोरघोर, हाक मारून जाग नाही, ही त्याची वेळ. आधी रुग्णवाहिका बोलवायची, औषध द्यायचं, श्वास थांबला असेल तर तोंडाने द्यायचा, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवायचं. आणि माणूस उठून बसला तरी सोबत सोडायची नाही. नालोक्सोनचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, पदार्थ मात्र बऱ्याचदा त्याहून जास्त काळ रक्तात राहतो. हे सांगून झाल्यावर सिस्टरने आईच्या हातात रिकामी फवारणी द्यावी आणि तिच्याकडून एकदा सगळं करून घ्यावं, कारण त्या रात्री घरात दुसरं कुणी नसेल.