श्वास थांबला तेव्हा छातीत किती हवा होती?

मार्च २०२० मध्ये राज्यातले पहिले करोनाबाधित पुण्यात सापडले आणि पुढच्या काही महिन्यांत ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा बोटावरचा चिमटा, इथल्या घराघरांत पोचला. सहा मिनिटं घरातल्या घरात चालायचं, बोटाला चिमटा लावायचा, आकडा वहीत लिहायचा. साथ ओसरली, चिमटा कपाटात राहिला. आता आमच्या सकाळच्या प्राणायामाच्या गटात तो पुन्हा बाहेर आला आहे. श्वास भरून रोखला तर आकडा बराच वेळ हलत नाही, सोडून रोखला तर लवकर घसरतो. असं का, हे तिथे रोज कुणीतरी विचारतं. उत्तर जमायला दोनशे वर्षं लागली.

कितीही जोर लावून श्वास सोडला तरी छातीत काही हवा उरतेच. हम्फ्री डेव्हीने १८०० च्या सुमारास स्वतः हायड्रोजन ओढून ती उरलेली हवा मोजली. पुढे १८४६ मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सनने पाण्यात उलट्या टांगलेल्या भांड्याचं यंत्र मांडलं आणि दोन हजारांहून अधिक माणसांना त्यात फुंकायला लावलं. फुप्फुसांतली हवा मोजणाऱ्या आजच्या स्पायरोमीटरचा हा पूर्वज.

या मापांवरून हिशेब करता येतो. निरोगी तरुण पुरुषाच्या छातीत पूर्ण पूरकानंतर, म्हणजे श्वास पूर्ण भरून घेतल्यावर, साधारण सहा लिटर हवा असते, सहज श्वास सोडल्यावर अडीच, आणि पूर्ण रेचकानंतर, म्हणजे जोर लावून सगळा श्वास सोडल्यावर, जेमतेम सव्वा लिटर. या हवेत ऑक्सिजन सुमारे १४ टक्के. म्हणजे शिल्लक साठा अनुक्रमे ८४०, ३५० आणि पावणेदोनशे मिलिलिटर. स्वस्थ बसलेलं शरीर मिनिटाला अडीचशे मिलिलिटर खर्चतं. गुरुवारी पाणी बंद असतं तेव्हा आदल्या रात्री टाकी भरली होती की नाही, यावर दिवस कसा जाईल ते ठरतं. आंतर कुंभक (श्वास भरून रोखणं) आणि बाह्य कुंभक (श्वास सोडून रोखणं) यांतला फरक नेमका तोच.

तरीही आकडा सावकाश, एका लयीत का उतरत नाही? याचं उत्तर डेन्मार्कच्या ख्रिस्तियान बोर यांच्या १९०४ च्या आलेखात आहे. रक्तातला ऑक्सिजनचा दाब आणि रक्तातल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाने धरलेला ऑक्सिजन यांचं नातं सह्याद्रीच्या पठारासारखं आहे: वर लांबच लांब सपाटी, मग एकदम कडा. दाब १०० वरून ६० मिलिमीटर (पाऱ्याच्या मापात) वर आला तरी सॅच्युरेशन, म्हणजे चिमट्यावरचा टक्क्यांतला आकडा, ९७ वरून ९० पर्यंतच येतं. त्याखाली मात्र घसरण तीव्र. शिवाय फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला वीस-तीस सेकंद लागतात. त्यामुळे सगळ्यात कमी आकडा बहुतेकदा आपण पुन्हा श्वास घ्यायला लागल्यावर दिसतो आणि माणसं तेव्हाच घाबरतात.

पुण्याला या इतिहासात स्वतःची जागा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे त्रैमासिक काढलं. प्राणायामात शरीर किती ऑक्सिजन घेतं, किती कार्बन डायऑक्साइड टाकतं, हे तिथे यंत्रं लावून मोजलं गेलं. श्रद्धेच्या विषयाला मोजपट्टी लावण्याचं हे धाडस मला फार मोठं वाटतं.

आणि मोजण्याची गरज आहेच, कारण एक गैरसमज जीवघेणा ठरतो. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. हाल्डेन आणि प्रिस्टली यांनी हे १९०५ मध्ये दाखवलं. पोहण्याच्या तलावावर मुलं बुडी मारण्याआधी भराभर दहा-वीस श्वास घेतात. त्याने रक्तातला ऑक्सिजन जवळजवळ वाढत नाही, तो आधीच पठारावर असतो. कार्बन डायऑक्साइड मात्र धुतला जातो, गुदमरण्याची सूचना उशिरा मिळते आणि पाण्याखालीच शुद्ध हरपते. आपलं मूल असं करत असेल तर त्याला आजच थांबवा.

बोटावरच्या यंत्रामागचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांचं. शरीरातून आरपार जाणाऱ्या प्रकाशातला नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बदलणारा भाग तेवढा वेगळा काढायचा, ही कल्पना त्यांनी १९७४ मध्ये मांडली. एप्रिल २०२० मध्ये ते गेले. त्याच दिवसांत जगभर लोक तो चिमटा शोधत होते.

माझ्या वडिलांच्या बाबतीत हा सगळा हिशेब मला रात्री दिसला. पोट सुटलेलं, उताणं झोपायची सवय. झोपल्यावर पोटातले अवयव छाती आणि पोट यांमधला पडदा वर ढकलतात, छातीतला साठा अर्ध्या-एक लिटरने कमी होतो. त्यात घोरता घोरता घसा मिटतो, तोही बहुधा श्वास सोडून झाल्यावर, म्हणजे टाकी तळाला असताना. बाबांचा श्वास वीस सेकंद थांबायचा आणि आकडा ८४ वर यायचा. सडपातळ माणसाचा तेवढ्याच वेळात फारसा हलला नसता. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये नाकावाटे सतत दाबाने हवा देण्याचा उपाय प्रसिद्ध केला. तो दाब घसा उघडा ठेवतो आणि छातीत थोडी जास्त हवाही राखून ठेवतो. बाबा आता ते यंत्र लावून, कुशीवर झोपतात.