पेवातला मुडदा, पुलाखालचं पाणी: रहस्यकथा कुठली आणि थरारकथा कुठली?

सांगली-साताऱ्याकडच्या वाचनालयात पुस्तक बदलताना दोन तक्रारी हमखास कानावर पडतात. एक, 'खुनी कोण ते निम्म्यातच सांगून टाकलंय, पुढं काय वाचायचं?' आणि दुसरी, 'दीडशे पानं झाली तरी नुसत्या चौकश्याच चालल्यात, काही घडंना.' बहुतेक वेळा पहिली तक्रार थरारकथेबद्दल असते आणि दुसरी रहस्यकथेबद्दल. पुस्तक ठीक असतं, लावलेलं माप दुसऱ्याचं असतं. यात वाचकापेक्षा मलपृष्ठाचा दोष जास्त. 'थरारक रहस्यमय कादंबरी' असं छापलं की दोन्हीकडचं गिऱ्हाईक मिळतं, आणि कपाटावरही दोघांना मिळून 'रहस्य' ही एकच चिठ्ठी लागते.

फरक कळायला एकच प्रसंग दोन तऱ्हांनी लिहून बघू. हरिपूरचं पेव घ्या. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात हळद साठवायला जमिनीत खोल पेवं खणलेली असत. आत हवा खेळत नाही म्हणून हळदीला कीड लागत नाही, आणि त्याच कारणानं उघडल्या उघडल्या पेवात उतरणं जिवावर बेततं. तोंड मोकळं करून वाट बघायची, मग पेटता कंदील दोरीनं आत सोडायचा. विझला तर माणूस उतरवायचा नाही, अशी रीत. समजा, अशा एका पेवात हळदीच्या धंद्यात मुरलेल्या एका अडत्याचा मुडदा सापडला.

रहस्यकथा इथं सुरू होते, म्हणजे सगळं घडून गेल्यावर. वाचक पुढची पानं उलटतो, पण डोकं मागं चालवत असतो. सगळे म्हणतात अपघात झाला. कंदील पेवाच्या तोंडाशी आहे, पण त्याची काच लख्ख, वातीला काजळी नाही. जन्मभर हळदीत राहिलेला माणूस कंदील न पेटवता उतरेल कसा? हा पुरावा लेखकानं विसाव्या पानावर, दोरी, चपला, पोती, वहीखातं अशा दहा गोष्टींच्या गर्दीत वाचकासमोर ठेवायला हवा. लपवायचा, पण उघड्यावर. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूनं 1929मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे, तपास करणाऱ्याला सापडलेला पुरावा वाचकालाही दिसला पाहिजे, कुणालाच माहीत नसलेलं विष वापरायचं नाही, असे ते नियम. त्यातले काही गमतीनं लिहिलेले आहेत, पण पुरावा न लपवण्याचा नियम अजून मोडता येत नाही. शेवटच्या प्रकरणात इन्स्पेक्टरनं खिशातून अशी चिठ्ठी काढली की जी आपण पाहिलीच नव्हती, तर ती फसवणूक. तिथं पुस्तक बोगस म्हणायचा पूर्ण हक्क आहे.

आता तेच पेव थरारकथेत घाला. अडत्याला भागीदारानं ढकललं, हे पाचव्या पानावरच आपल्याला माहीत. ज्या मुलीनं ते पाहिलं, तिला त्यानं शेजारच्या उघड्या, रिकाम्या पेवात टाकलंय. दोराशिवाय वर येता येत नाही. आणि कृष्णेचं पाणी चढतंय. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं; म्हणून लेखकाला वेगळं घड्याळ लावायची गरजच नाही. प्रकरणाच्या शेवटी 38, पुढच्या शेवटी 40, मग 42. मुलगी कुठं आहे हे आपल्याला ठाऊक आहे आणि शोधणाऱ्याला नाही, यातच सगळी कळ आहे. 

थरारकथा बिघडते ती बहुतेक या घड्याळातच. पाणी 42 फुटांवर असताना नायक चहा घेत बालपणाची बारा पानं सांगत बसला, किंवा तीन प्रकरणं पाणी 42वरच अडून राहिलं, की वाचक जांभई देतो. दुसरा बिघाड योगायोगाचा. योगायोगानं माणूस संकटात सापडला तर वाचक सोडून देतो. योगायोगानंच सुटला तर सोडत नाही. दोर घेऊन जाणारा गडी नेमका तेव्हाच तिथून गेला, तर आधीची दोनशे पानं पाण्यात. उलट 'शेवटी मुलगी वाचणार हे ओळखलं होतं' ही तक्रार थरारकथेला लागत नाही. ती वाचणार की नाही यापेक्षा कशी आणि काय गमावून वाचणार, यावर पुस्तक उभं असतं. लेखक नेमकं तेवढंच मोघम ठेवतात आणि टीका मात्र भलत्याच गोष्टीवर होते.

आपलं मत खरं किती आणि नंतर सुचलेलं किती, हे तपासायला एक चिठ्ठी पुरते. रहस्यकथेचा पहिला एक तृतीयांश भाग वाचून झाला की थांबायचं, कागदावर संशयिताचं नाव आणि त्याखाली कारण लिहायचं, चिठ्ठी पुस्तकात ठेवून पुढं जायचं. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल चालवायची नाही. पाचव्या पानाच्या समासात खुन्याचं नाव लिहिणारी जमात वेगळी आहे, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. शेवटी चिठ्ठी उघडल्यावर नाव बरोबर आणि कारण चूक निघालं, तर तो तुक्का. 'मला आधीच कळलं' म्हणता येत नाही. दोन्ही बरोबर आणि तेही एवढ्या लवकर, तर लेखकाचा पुरावा फार ठळक झाला. थरारकथेला ही चिठ्ठी निरुपयोगी. तिथं कुठल्या पानावर पुस्तक मिटून झोपलात तेवढं लिहून ठेवा. प्रकरणाच्या मध्येच मिटलं असेल, तर ताण तिथं सुटला, आणि त्या पानाच्या मागच्या चार-पाच पानांत कारण सापडतं.

भाषांतरित रहस्यकथेत मराठीचं व्याकरण स्वतःच चुगली करतं. इंग्रजीत खुन्याच्या तोंडची स्वगतं पुरुष की बाई हे न सांगता पानंच्या पानं चालतात. मराठीत 'मी आत गेलो' किंवा 'मी आत गेले' लिहिलं की निम्मे संशयित बाद. हुशार भाषांतरकार मग सकर्मक क्रियापदांकडे वळतो: 'मी दार उघडलं', 'मी दिवा मालवला'. इथं क्रियापद दाराच्या आणि दिव्याच्या लिंगानं चालतं, बोलणारा झाकलेला राहतो. तृतीय पुरुषात 'ती व्यक्ती' कामाला येते, कारण व्यक्ती हा शब्दच स्त्रीलिंगी. एखाद्या स्वगतात कुणी कधीच कुठं जात नाही, येत नाही, बसत नाही, सारखं काहीतरी उघडत-मिटत असतं, असं दिसलं तर लिंग लपवलं जातंय हे ओळखा. अर्थात कोल्हापूर-सांगलीकडे बायकाही सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. इथल्या मातीत रहस्यकथा लिहिणाऱ्याला ही आयती पळवाट आहे. पुण्याचा वाचक सरळ फसेल आणि तक्रारही करू शकणार नाही.

प्रेमकथा आणि रोमान्स यांचीही अशीच गल्लत होते. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं रोमान्सला दोनच अटी घातल्या आहेत: मध्यवर्ती कथा प्रेमाची हवी आणि शेवट समाधान देणारा, आशेचा हवा. प्रेमकथेला दुसरी अट नाही; तिथं ताटातूट, मरण, काहीही चालतं. म्हणजे 'दोघं एकत्र येणार हे ठाऊकच होतं' हे रोमान्सबद्दल बोलणं पोळी गोल आहे म्हणण्यासारखं. तिथं बघायचं ते अडसराकडे. एका फोननं मिटणारा गैरसमज अडीचशे पानं ताणला, तर तो कच्चा अडसर. साताऱ्याची नोकरी, मिरजेला दवाखान्यात आई आणि दोन घरांचा जमिनीवरून दावा, असं काही असेल तर दोघं भेटून बोलली तरी प्रश्न उरतोच, तो पक्का.

इथंही भाषांतराची एक जागा हटकून तपासावी. इंग्रजीतला एकच 'यू' मराठीत आणताना 'तुम्ही'चा 'तू' कुठल्या पानावर होतो, हे भाषांतरकाराला ठरवावंच लागतं. आपल्याकडे तो क्षण जवळिकीच्या कुठल्याही वर्णनापेक्षा मोठा असतो. जमलेल्या पुस्तकात तो एका प्रसंगावर नेमका येतो: भांडणात, आजारपणात, किंवा चुकून तोंडातून निसटतो आणि दोघंही गप्प होतात. न जमलेल्यात 64व्या पानावर 'तू', 65व्यावर 'तुम्ही', 70व्यावर पुन्हा 'तू'.

प्रेम आणि खून एकाच पुस्तकात आले, तर कुठलं माप लावायचं? शेवटची तीस पानं कशात खर्ची पडलीत ते बघा. खुनी सापडल्यावर दोघांच्या जमण्याला दोन ओळी मिळाल्या असतील, तर ती रहस्यकथा, प्रेम तोंडी लावायला. खुनी मागंच सापडलाय आणि शेवट अजून दारातल्या बोलण्यात अडकलाय, तर तो रोमान्स, मग मुडद्याचा उलगडा थोडा ढिला असला तरी खपवून घ्यावा.